वाचक विचारतात: लग्न तोंडावर आलंय, व्हेनिअर करून घेऊ का?

लग्नसराईच्या आधी दरवर्षी या सदरात दातांची पत्रं वाढतात, पण यंदा जो तो व्हेनिअरचंच, म्हणजे दातावर चिकटवायच्या पातळ कवचाचंच, विचारतोय. म्हणून या वेळी अक्कलदाढ, रूट कॅनल, तोंडाचा वास हे सगळं पुढच्या अंकावर ढकललंय आणि फक्त व्हेनिअरची पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्यांची अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न: नमस्कार डॉक्टर, मी ऐरोलीला राहते, वय २७, आयटीत आहे. तुळशीच्या लग्नानंतर लगेच माझं लग्न आहे, म्हणजे अजून पाचेक महिने आहेत. माझे वरचे पुढचे दोन दात थोडे एकमेकांवर चढलेत आणि एकूणच पिवळसर आहेत, फोटोत मला ते फार जाणवतं. वाशीच्या एका क्लिनिकमध्ये दाखवलं तर त्यांनी वरच्या दहा दातांना पोर्सिलेन व्हेनिअर सांगितले, म्हणाले दोन सीटिंगमध्ये होईल, दात अजिबात घासून कमी करावे लागणार नाहीत, वर लाइफटाइम गॅरंटी. हप्त्यांवर पण करून देतायत, पण ऑफर याच महिन्यापुरती आहे म्हणे. आई म्हणते धडधाकट दातांना हात कशाला लावायचा, होणारा नवरा म्हणतो तुला हवं ते कर. मी काय करू?

उत्तर: तुला अगं-तुगं करते, चालेल ना. आधी ऑफरचं उरकते. महिनाअखेरीस संपणारी ऑफर साडीवर असू दे, दातावर नको. ज्याला तुझे दात नीट बघायचेत तो आधी एक्स-रे काढेल, हिरड्या तपासेल, रात्री दात खातेस का विचारेल, फोटो आणि मापं घेईल आणि मग आकडा सांगेल. तुझ्या पत्रात यातलं काहीच नाहीये, थेट दहाचा आकडा आहे.

आता आई. आईचं अर्धं बरोबर आहे. व्हेनिअर म्हणजे दाताच्या पुढच्या बाजूला चिकटवायचं पोर्सिलेनचं पातळ कवच, नखावर खोटं नख लावतात ना तसं, साधारण अर्धा मिलिमीटर जाड, कधी ०.३ तर कधी ०.७. एवढी जागा करायची म्हणजे दाताचं वरचं आवरण, इनॅमल, जवळपास तेवढंच खरवडावं लागतं. आणि पटाशीच्या दाताला पुढून इनॅमल असतं किती, तर टोकाकडे एक मिलिमीटरच्या आसपास आणि हिरडीजवळ त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी. हे इनॅमल परत येत नाही, नख वाढतं हाड जुळतं पण इनॅमल नाही, कारण ते बनवणाऱ्या पेशी दात तोंडात येतो तेव्हाच संपून गेलेल्या असतात. म्हणजे एकदा घासून व्हेनिअर बसवला की तो दात आयुष्यभर व्हेनिअरवालाच राहणार, हा निघाला की दुसरा लागणार. तू २७ ची आहेस, ऐंशीपर्यंतचा हिशोब कर. चांगला केलेला पोर्सिलेन व्हेनिअर दहा वर्षं सहज जातो, बऱ्याच अभ्यासांत दहा वर्षांनी नव्वद टक्क्यांहून जास्त शाबूत सापडलेत, पंधरा-वीस वर्षं टिकलेलेही असतात, पण पन्नासच्या वर वर्षं कुठला टिकणार. तेव्हा लाइफटाइम म्हणजे कुणाचं लाइफ, तुझं, व्हेनिअरचं की क्लिनिकचं, हे त्यांच्याकडून कागदावर लिहून घे आणि गंमत बघ.

इनॅमलचं एवढं का लावून धरलंय ते सांगते. १९२८ च्या सुमाराला हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस नावाचे डेंटिस्ट नटनट्यांना शूटिंगपुरती अशी कवचं लावून द्यायचे, कवळीला लावायच्या पावडरने चिकटवलेली, शूटिंग संपलं की काढून ठेवायची. टिकाऊ चिकटवायचं कसं हे कुणाला माहीत नव्हतं. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की इनॅमलवर फॉस्फोरिक ॲसिड थोडा वेळ लावलं की त्याला बारीक बारीक खड्डे पडतात आणि त्यात रेझिन, म्हणजे चिकटवायचं प्लॅस्टिकसारखं मटेरिअल, घट्ट बसतं. पुढे १९८० च्या दशकात पोर्सिलेनची आतली बाजूही हायड्रोफ्लोरिक ॲसिडने तशीच खडबडीत करायला लागले आणि तेव्हा कुठे आजचा व्हेनिअर उभा राहिला. म्हणजे ही सगळी मजबुती इनॅमलच्या त्या खड्ड्यांवर आहे. घासताना इनॅमल संपून खालचं डेंटिन, म्हणजे दाताचा आतला मऊ थर, लागलं की पकड ढिली पडते, गार-गरम झोंबायला लागतं, आणि पुढेमागे व्हेनिअर हातात. म्हणून चांगला डॉक्टर आधी नियोजन करतो, मोजून घासतो आणि इनॅमलच्या आतच थांबतो.

मग घासावंच लागणार नाही हे खोटं का? नाही, सगळ्यांसाठी खोटं नाही. ज्यांचे दात छोटे आहेत, आत गेलेले आहेत, फटी आहेत, त्यांना न घासता किंवा नावापुरतं घासून व्हेनिअर बसतात आणि छान दिसतात. तुझा एक दात दुसऱ्यावर चढलाय, म्हणजे पुढे आलाय. त्याच्यावर न घासता अजून अर्धा मिलिमीटर चढवला तर तो आणखी पुढे येईल आणि ओठ फुगल्यासारखा दिसेल. ते टाळायचं तर नेमका तोच दात जास्त घासावा लागेल, म्हणजे पुन्हा डेंटिनशी गाठ. वाकडा दात व्हेनिअरने सरळ दिसतो, पण सरळ होत नाही. सरळ करणारा डॉक्टर वेगळा, ऑर्थोडॉन्टिस्ट.

तर मी तुझ्या जागी असते तर काय केलं असतं. आधी स्केलिंग, म्हणजे पिवळेपणातला वरवरचा चहा-कॉफीचा थर निघेल आणि खरा रंग कळेल. मग ऑर्थोडॉन्टिस्टकडे जाऊन ॲलायनर, म्हणजे दात सरकवणारे पारदर्शक ट्रे, विचारले असते, दोनच दात थोडे चढलेले असतील तर पाच-सहा महिन्यांत बऱ्यापैकी काम होऊ शकतं, राहिलंच थोडं तर लग्नानंतर पुढे चालू ठेवायचं, ट्रे काढता येतो, फोटोत दिसत नाही. शेवटी ब्लीचिंग, तुझ्या मापाचा ट्रे करून त्यात दहा टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडची जेल घालून रात्री लावून झोपायचं, साधारण दोन आठवडे. थोडं झोंबतं, मग थांबतं. लग्नाच्या आदल्या आठवड्यात मात्र नको, महिनाभर आधी उरकून घे. एवढ्यावर बहुतेक मुली खूश होतात आणि एकही दात कापलेला नसतो. दाताच्या टोकाला एखादा टवका उडालेला असेल तर तिथे काँपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं फिलिंगचं मटेरिअल, लावून आकार देता येतो, एका सीटिंगमध्ये, काही हजारांत, फक्त ते पाच-सात वर्षांत रंग धरतं, मग पॉलिश करायचं किंवा बदलायचं.

हे सगळं करूनही व्हेनिअर हवेच वाटले तर कर, मी काही व्हेनिअरच्या विरोधात नाही, रोज करते. पण क्रम हाच ठेव, कारण पोर्सिलेन ब्लीच होत नाही. आधी ब्लीच करून स्वतःच्या दातांचा रंग ठरवायचा, मग दोन आठवडे थांबायचं कारण ब्लीचनंतर लगेच चिकटवलं तर पकड कच्ची राहते, आणि मग त्या रंगाला जुळणारे व्हेनिअर. उलट केलंस तर वर पांढरे आणि खाली पिवळे.

आणि मॉकअपशिवाय एकही दात घासू देऊ नकोस. मॉकअप म्हणजे पुढच्या दातांचा नवीन आकार आधी मेणात तयार करतात, त्याचा साचा घेतात आणि त्यातून तुझ्याच दातांवर, न घासता, तात्पुरतं मटेरिअल बसवतात. दहा मिनिटांत आरशात नवीन दात. माझ्याकडे मॉकअप लावला की मी पेशंटला एकसष्ट ते एकोणसत्तर मोजायला लावते. त्या आकड्यांत इतके स आणि ष आहेत की दात जरा लांब किंवा जाड झाले असतील तर लगेच शिटी वाजते. मग वाफ, फणस, वांगी म्हणायला सांगते, तेव्हा वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकीच टेकली पाहिजे, ओठात रुतली तर लांबी कमी करायची. मग हसून फोटो, घरी आईला व्हिडिओ कॉल, आवडलं तर पुढे. न आवडलं तर ते मटेरिअल काढून टाकायचं, दात जसेच्या तसे. किती दातांना हवेत तेही तिथेच कळतं, खळखळून हसताना दिसतात तेवढेच. कुणाचे सहा दिसतात, कुणाचे आठ, कुणाचे खरंच दहा. तुझे दहा दिसतात का हे कुणी मोजलं की पॅकेजच दहाचं आहे, ते विचार.

रंग ठरवताना खिडकीपाशी, दिवसाउजेडी, लिपस्टिक पुसून, आणि घासायला सुरुवात करायच्या आधी. तोंड उघडं ठेवून दात वाळले की ते आहेत त्यापेक्षा पांढरे दिसतात आणि मग निवडलेली शेड चुकते. शेड गाइडमध्ये सगळ्यात पांढऱ्या ब्लीचच्या शेड असतात, सगळ्यांना त्याच हव्या असतात. फोटोत ठीक, पण समोर बसून बोलताना माणसाच्या डोळ्यांआधी दातच दिसतात. एक पायरी खाली उतर, माझं ऐक.

दोन सीटिंगचं म्हणशील तर घासणं आणि चिकटवणं ही दोन सीटिंग धरली तर बरोबर आहे, पण त्याच्या आधी तपासणी, स्केलिंग, मॉकअप आहेत आणि मधे लॅबला एक-दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस तात्पुरते व्हेनिअर लावून देतात, आणि हो, ते हळद पकडतात, त्यामुळे हळदीच्या आसपास हे दिवस येऊ देऊ नकोस. हिरड्या बसायला वेळ हवा म्हणून सगळं लग्नाच्या निदान महिनाभर आधी संपलेलं बरं.

पैशाचं. ठाणे-नवी मुंबईत पोर्सिलेन व्हेनिअर दाताला साधारण आठ-दहा हजारांपासून वीस-पंचवीसपर्यंत ऐकशील, मटेरिअल, लॅब आणि डॉक्टर कोण यावर. आज बहुतेक ठिकाणी लिथियम डायसिलिकेट वापरतात, बिलावर नाव लिहून माग, ओरिजिनल मटेरिअलचं कार्ड मिळत असेल तर तेही. नुसत्या सौंदर्यासाठी केलं तर मेडिक्लेममध्ये बसत नाही. डॉक्टर महाराष्ट्र स्टेट डेंटल कौन्सिलला नोंदलेला आहे का ते बघ, आणि एवढं मोठं काम असेल तर प्रोस्थोडॉन्टिक्स (कॅप, कृत्रिम दात बसवणं) किंवा कन्झर्व्हेटिव्ह (आहे तो दात दुरुस्त करणं) यातला एमडीएस, म्हणजे पुढे शिकलेला तज्ज्ञ, असलेला बरा. दुसरं मत घ्यायचं तर तू नशीबवान आहेस, नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, खारघरला वायएमटी, कामोठ्याला एमजीएम, एवढी डेंटल कॉलेजं हार्बरवरच आहेत. ओपीडीत जाऊन फक्त एवढंच विचार की माझ्या दातांना व्हेनिअरची गरज आहे का, तिथे कुणाला तुला पॅकेज विकायचं नसतं.

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी ठाण्यात वर्तकनगरला असतो, वय ४१, बँकेत काउंटरवर काम. मूळचा यवतमाळ जिल्ह्यातला. लहानपणापासून दातांवर तपकिरी डाग आहेत, गावात जवळपास सगळ्यांनाच आहेत. लोकांना वाटतं मी गुटखा खातो, कस्टमरसमोर ओठ मिटून हसायची सवय लागलीये. टूथपेस्ट, दंतमंजन, कोळसा, सगळं झालं. व्हेनिअरने जाईल का? बायको म्हणते मी झोपेत दात खातो, त्याने काही फरक पडतो का?

उत्तर: तुमच्यासारख्यांसाठीच तर व्हेनिअर आहेत हो. हा बहुधा फ्लोरोसिस आहे, बोअरच्या पाण्यातल्या जास्तीच्या फ्लोराइडमुळे होतो. आपल्याकडे पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम फ्लोराइड ठीक मानतात आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५ चालवून घेतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या बऱ्याच गावांत ते त्याच्या वर निघालंय. पक्के दात जबड्यात तयार होत असतात त्या वयात, साधारण आठव्या वर्षापर्यंत, हे पाणी पोटात गेलं की इनॅमल कच्चं बनतं आणि पुढे ते डाग पकडतं. म्हणजे डाग इनॅमलच्या आत आहे, मंजन घासून जाणार कसा? कोळसा तर आजच बंद करा, त्याने उरलंसुरलं इनॅमलही घासलं जातं. गुटख्याचं म्हणाल तर राज्यात त्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण डाग बघून शंका घ्यायला लोकांना बंदी नाही, काय करणार.

पहिल्याच दिवशी व्हेनिअर मात्र नको. आधी मायक्रोअब्रेजन करून बघायचं, म्हणजे सौम्य केलेलं हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि प्युमिसची पेस्ट डागावर हलकी घासतात, इनॅमलचा केसाएवढा थर जातो. त्याच्यासोबत ब्लीचिंग. डाग वरवरचा असेल तर एवढ्यात निम्म्याहून जास्त फरक पडतो आणि पैसे वाचतात. खोल तपकिरी असेल, खड्डे पडले असतील, तर व्हेनिअर. त्यात दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला. गडद डाग झाकायला व्हेनिअर थोडा जाड आणि कमी पारदर्शक लागतो, नाहीतर आतला तपकिरी रंग राखाडी होऊन बाहेर दिसतो, फार वाईट दिसतं ते. आणि फ्लोरोसिसच्या इनॅमलवर ॲसिड नेहमीपेक्षा जास्त वेळ लावावं लागू शकतं कारण ते ॲसिडला दाद देत नाही. हे माहीत असलेला डॉक्टर गाठा.

दात खाण्याने फरक पडतो का? सगळ्यात जास्त त्यानेच पडतो. झोपेत माणूस जेवतानापेक्षा कितीतरी जास्त जोर लावतो आणि पोर्सिलेन कडक असलं तरी ठिसूळ आहे, कडेचा टवका उडतो. तुमच्या दातांच्या कडा आधीच सपाट झाल्यात का ते तपासून घ्या. व्हेनिअर करायचे तर रात्रीचा गार्ड, कडक प्लॅस्टिकचा, तुमच्या मापाचा, रोज लावायची तयारी असेल तरच. मेडिकलमधून आणलेला गरम पाण्यात मऊ करून चावायचा गार्ड नको, मऊ असला की लोक तो च्युइंगमसारखा चावतात. आणि तुमचं हसणं मोकळं झालं की एक पत्र टाका, मला वाचायला आवडेल.

प्रश्न: मुलगी १६ वर्षांची, खारघरला अकरावीत आहे. वरच्या दोन मोठ्या दातांच्या बाजूचा एक दात जन्मतः अगदी टोकदार आणि छोटा आहे. मैत्रिणी चिडवतात, व्हेनिअर करून द्या म्हणून मागे लागलीये. करावा का?

उत्तर: आत्ता नको ताई. या वयात हिरडी अजून वर सरकत असते, आज बसवलेल्या व्हेनिअरची कड दोन वर्षांत उघडी पडेल, शिवाय कोवळ्या दातात नस मोठी असते. पण तिला अठरापर्यंत तसंच ठेवू पण नका. अशा दाताला काँपोझिटने शेजारच्या दाताच्या आकाराचा करून देता येतो, घासावं लागत नाही, तासाभराचं काम आहे. आधी एकदा ऑर्थोडॉन्टिस्टला दाखवा, जागा कमी-जास्त असेल तर ते आधी. विशीत पोर्सिलेनचं बघू.

प्रश्न: मी नौपाड्यात राहते, गृहिणी, वय ३८. दोन वर्षांपूर्वी सहा व्हेनिअर केले. परवा उपवनला भाजलेलं कणीस खाताना एक अख्खाच्या अख्खा निघाला. नशीब गिळला नाही. मिस्टर म्हणतात फेविक्विकने लावून टाकू, एवढासाच तर आहे. लावू का?

उत्तर: मिस्टरांना फेविक्विकपासून लांब ठेवा. तो गोंद आतल्या बाजूला वाळून बसला की मग डॉक्टरला तो व्हेनिअर परत नीट बसवता येत नाही, आणि दाताला व हिरडीला त्रास होतो तो वेगळाच. निघालेला तुकडा एखाद्या छोट्या डबीत कापूस घालून ठेवा, टिश्यूत गुंडाळू नका, टिश्यू कचऱ्यात जातो आणि मग बायका डबा उपसत बसतात. तडा गेला नसेल आणि आत कीड नसेल तर बहुतेक वेळा तोच परत चिकटतो. तोवर त्या बाजूला गार पाणी, लिंबू सरबत टाळा, मऊ ब्रशने हलकं घासा.

पण अख्खा निघाला म्हणजे का निघाला हे विचाराच. आतली सिमेंट व्हेनिअरला चिकटून आलीये की दातावर राहिलीये हे डॉक्टरला बघून कळतं. दातावर राहिली असेल तर व्हेनिअरची आतली बाजू नीट तयार झाली नव्हती, व्हेनिअरसोबत आली असेल तर दाताच्या बाजूची पकड कच्ची, म्हणजे बहुतेक घासताना डेंटिन लागलंय किंवा चिकटवताना थुंकी लागलीये. दुसऱ्या केसमध्ये बाकीचे पाचही तपासून घ्या.

आणि कणीस आता दाणे सोलून खा. पेरू, सफरचंद, ऊस, चिक्की, कडक चकली, पुढच्या दाताने काहीही तोडायचं नाही, फोडी करून मागच्या दाढांनी. दोरा दाताने तोडायचा नाही, सेफ्टी पिन दातात धरायची नाही, साडी नेसताना आपण सगळ्याच धरतो. मिश्री, लाल दंतमंजन बंद, जेलवाली सौम्य पेस्ट वापरा. फ्लॉस रोज, कारण कीड व्हेनिअरला लागत नाही पण त्याच्या कडेला, तुमच्या स्वतःच्या दाताला लागते. दर सहा महिन्यांनी दाखवायला जाल तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच सांगा की पुढे व्हेनिअर आहेत, म्हणजे स्केलिंगचं मशीन त्याच्या कडेवर फिरवणार नाहीत आणि फ्लोराइड लावायचं झालंच तर ॲसिडवाली एपीएफ जेल लावणार नाहीत, तिने पोर्सिलेनची चकाकी जाते. न्यूट्रल फ्लोराइड मागा, असतं बहुतेकांकडे.